तिठ्यावरच्या कोंबड्या

आमच्या घरी आलेला पाहुणा आधी आमच्याकडं बघायचाच नाही. चपला काढता काढता त्याची नजर अंगणात जायची, तिथंच अडकायची, आणि मग तो काळजीच्या आवाजात आईला विचारायचा, "वहिनी, हिला काय झालंय?" हिला म्हणजे कोंबडीला. आईचं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं. "काय नाय झालं. ती तशीच हाये." एवढं बोलून ती पाण्याचा तांब्या जरा जोरातच खाली ठेवायची. तांब्याच्या आवाजावरून आईचा राग मोजायला मी पहिलीत जायच्या आधी शिकले.

हर्सूलच्या अलीकडं, जिथं तेव्हा शहर संपून ज्वारी सुरू व्हायची, तिथं आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. आता तिथं व्यायामशाळा झाली आहे. मागच्या महिन्यात रिक्षातून जाताना पाहिलं, तर आमच्या चुलीच्या जागेवर एक गोरटा मुलगा घामाघूम होऊन लोखंड उचलत होता आणि उचलून परत तिथंच ठेवत होता. असो. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीवर ड्रायव्हर होते. एक आठवडा कन्नडकडची गाडी, एक आठवडा सिल्लोडकडची, आणि दोन्ही मुक्कामी. म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, आडबाजूच्या गावात देवळापाशी ती उभी करायची, तिथंच झोपायचं आणि फटफटायच्या आत परत निघायचं. गाडीच्या कपाळावर तेव्हा औरंगाबादची पाटी असायची, आता छत्रपती संभाजीनगरची असते. अण्णा गेले तरी ती पाटी दिसली की माझा हात आपोआप वर होतो. सकाळी उन्हं अंगणात उतरायच्या सुमारास ते घरी पोचायचे. खाकी कपड्यांना डिझेलचा वास, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवी गप्प असली तर भाजी. हलत असली तर आई आत निघून जायची.

अण्णांना साधी कोंबडी चालत नसे. निदान आम्हाला तसंच वाटायचं. पहिला आला तो बोडक्या मानेचा कोंबडा. डोक्यापासून छातीपर्यंत एक पीस नाही, नुसती लालभडक, सुरकुतलेली मान, आणि त्या मानेच्या बरोबर पुढं पांढऱ्या पिसांचा एक झुबका. कोर्टातल्या वकिलाच्या गळ्यात असतो तसा. त्याचं नाव वकीलसाहेब पडलं. वकीलसाहेब पहाटे कधीच आरवले नाहीत. दुपारी जेवणं झाली, आईनं भांडी घासली, पदर डोळ्यांवर घेऊन ती जरा लवंडली की ते खिडकीत येऊन सुरू व्हायचे. मग एक काळी आली. काळी म्हणजे नुसती पिसं काळी नव्हेत. तुरा काळा, पाय काळे, चोच काळी. शेजारच्या खालांनी तिचं तोंड उघडून बघितलं तर जीभसुद्धा काळी. "या अल्ला," खाला म्हणाल्या, "दवात पी के आयी क्या?" तिचं नाव शाई. त्यानंतर टोपीवाली. हिच्या डोक्यावर पिसांचं असं छप्पर होतं की तिला समोरचं काही दिसायचं नाही. ती भिंतीला धडकायची, बादलीला धडकायची, आणि धडकल्यावर समोरच्या वस्तूला रागानं चोच मारायची. आई तिची झुलपं कात्रीनं कापायची. कापताना आई जे बोलायची ते इथं लिहिता येणार नाही.

सगळ्यात शेवटी आली ती झिपरी. झिपरीची पिसं उलटी होती. सगळ्या कोंबड्यांची पिसं शेपटीकडं वळतात, हिची डोक्याकडं वळलेली, प्रत्येक पीस टोकाला कुरळं. पाठीमागून सोसाट्याचा वारा सुटलाय आणि ती त्याच्यात उभी आहे असं बारा महिने वाटायचं. अंगात आलेल्या बाईसारखी दिसायची आणि स्वभावानं मात्र इतकी शांत की माझ्या मांडीवर बसून माझे पाढे ऐकायची. तिच्या डाव्या पायात काळा दोरा होता आणि दोऱ्यात एक कवडी. अंडं मात्र रोज द्यायची, साधं, सरळ, गावरान अंडं. त्याचं मला फार आश्चर्य वाटायचं. एवढी उलटी कोंबडी, तिचं अंडंही काहीतरी वेगळं, निदान चौकोनी असावं अशी माझी अपेक्षा होती.

हल्ली माझा भाचा मोबाईलवर मला चित्रं दाखवतो. मावशी, ही अमक्या जातीची, ही तमक्या, हिच्यासाठी लोक पुण्याहून गाड्या घेऊन येतात. मी चष्मा लावून बघते आणि म्हणते, ही तर झिपरी. हा आपला वकील. भाच्याला वाटतं, मावशीचं वय झालं.

या सगळ्या आणल्या कुठून, असं आईनं विचारलं की अण्णा म्हणायचे, "कन्नडच्या बाजारातून." आईला ते पटायचं, कारण अण्णा एरवी खोटं बोलत नसत, त्यांना ते जमतही नसे. एक गोष्ट मात्र होती. प्रत्येक कोंबडी आली तेव्हा तिच्या डोक्यावर हळदकुंकू होतं. पुसलेलं, धुतलेलं, पण पिसांच्या मुळाशी पिवळं राहिलेलं. "बाजारात गर्दी असती," अण्णा म्हणाले, "आपापली कोंबडी ओळखू यावी म्हणून लावतेत." आणि हा दोरा? "ती बी खूणच." त्यांच्या गाडीचे कंडक्टर गफूरचाचा आमचेच शेजारी, मधली भिंत सामाईक. आई त्यांना भिंतीवरून विचारायची, "व्हय का हो चाचा, कन्नडला असल्या कोंबड्या मिळत्येत?" चाचांना त्या क्षणी हमखास खोकला यायचा. खोकत खोकत ते घरात जायचे आणि आतून खालांचा आवाज यायचा, "एकदम अच्छे थे ना, अब क्या हुआ?"

चाचांची स्वतःची एक तक्रार होती आणि ती ते रोज संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर बसून, बशीतून चहा पीत आम्हाला ऐकवायचे. सिल्लोडच्या अलीकडं एका तिठ्यावर, जिथं गावाकडचा कच्चा रस्ता डांबरीला मिळतो, तिथं दर बाजाराच्या दिवशी पहाटे एक बुटका तरुण उभा असायचा. "मैं घंटी मारतूं, तुमारे अण्णा गाडी रोकते, मैं दरवाजा खोलतूं, और वो मर्द चढताच नै! मुठ्ठी में मका लेके खडा रहता. कायकू खडा, पूछो तो गर्दन नीची. पागल है, और क्या." आम्ही हसायचो. सगळ्यात मोठ्यानं अक्का हसायची. तिचं हसणं रस्त्यापर्यंत जायचं आणि आई म्हणायची, "हळू हास, स्थळं पळून जातील."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन, आणि स्थळं खरोखरच पळून जात होती. अक्का उंच होती. उंच म्हणजे आमच्या घराच्या चौकटीला तिचं कपाळ लागायचं, त्यामुळं घरात ती कायम नमस्कार केल्यासारखी आत यायची. माळ्यावरचं सगळं तीच काढायची, अण्णासुद्धा तिला हाक मारायचे. शिवणकाम उत्तम, येसराची आमटी अशी करायची की खाला वाटी घेऊन भिंतीशी उभ्या राहायच्या, मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलेली. पण बघायला आलेले लोक पोहे खायचे, नाव विचारायचे, मग त्यांच्यातली एखादी बाई म्हणायची, "जरा चालून दाखव, बाळा." अक्का उठायची. उठतच राहायची. ती पूर्ण उठेपर्यंत समोरच्यांच्या माना वर वर जायच्या आणि मुलाची मान खाली. "कळवतो" म्हणून ते जायचे. कळवायचं कुणीच नाही. शेवटच्या वेळी मुलाच्या मामीनं जाता जाता कोंबड्यांकडं बघत म्हटलं होतं, "तुमच्या घरात सगळंच जरा निराळं हाये, नाय?" त्या संध्याकाळी आई चुलीपुढं बसून रडली. अक्का रडली नाही. तिनं शिलाई मशीनवर आच्छादन घातलं आणि म्हणाली, "आई, आता आणखी एकदा बसते. त्याच्यानंतर पाट मांडायचा नाय. लग्न बी नाय आन् चालून दाखवणं बी नाय."

आईनं डोळे पुसले आणि स्वतःही शपथ घेतली. तिच्या मते दोष अक्काच्या उंचीचा नव्हता, कोंबड्यांचा होता. भलत्यासलत्या कोंबड्या बघून लोक बिचकतात. "हे पुढलं स्थळ मोडलं," ती अण्णांना म्हणाली, "तर त्याच संध्याकाळी मोठा टोप चढवते. एकेकीला रश्श्यात घालते. वकिलापासून सुरुवात." रात्री जेवताना अण्णांनी झिपरीला आपल्या ताटातली भाकरी कुस्करून घातली. अक्काचं लग्न मोडलं तर झिपरीही जाणार, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता आणि दोघींपैकी कुणासाठी देवाला जास्त सांगायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

पुढलं स्थळ सिल्लोड तालुक्यातलं निघालं. घरची शेती, मका आणि कापूस, मुलगा जिनिंगमध्ये नोकरीला, नाव दिगंबर. रविवारी सकाळी जीपनं येणार. आईनं मोहिमेची आखणी केली. अक्कानं पाटावर बसायचंच नाही. शिलाई मशीनपुढं बसायचं, जणू पाहुणे आले तरी हातातलं काम सुटत नाही इतकी गुणाची मुलगी. म्हणजे उठायचा प्रश्न नाही. पोहे मी द्यायचे. आणि कोंबड्या न्हाणीत कोंडायच्या, दाराला बाहेरून काठी लावायची, फटींना पोती. खाला मदतीला आल्या आणि त्यांनी वकीलसाहेबांच्या तोंडावर फडकं बांधायचा प्रस्ताव मांडला, पण वकीलसाहेब ऐकेनात. शेवटी त्यांच्यापुढं ज्वारीचे पसाभर दाणे टाकले आणि दार लावलं.

पाहुणे आले. मुलाची आई आधी उतरली. मोठं कुंकू, इरकल लुगडं, चालणं असं की जमीन तिच्या नावावर आहे. मागून मामा, पोट पुढं, हातात टोपी. त्यांच्या मागं दिगंबर. तो जीपमधून उतरला की अजून उतरायचाय ते मला पटकन कळलंच नाही, इतका तो लहानखुरा होता. त्याला बघून बाजेवर बसलेल्या गफूरचाचांचा चहा बशीतच राहिला. ते अण्णांच्या कानाला लागले. अण्णांनी दिगंबरकडं निरखून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग त्यांच्या खाकी शर्टासारखा झाला. मला वाटलं, उंची बघून त्यांची आशा संपली.

पहिला भाग छान गेला. मामांनी पोहे दोनदा घेतले. अक्का मशीनवर खाली मान घालून एकाच उशीच्या खोळीवर पुन्हा पुन्हा शिलाई मारत होती. दिगंबर सतरंजीकडं बघत होता. त्याची आई घरभर नजर फिरवत होती आणि ती नजर काही वाईट नव्हती. मग मामा उठले. "हात धुवून घेतो," म्हणाले. मी तांब्या घेऊन धावले, पण मामा मोठे स्वावलंबी. न्हाणी दिसली, काठी काढली, दार उघडलं.

आधी वकीलसाहेब आले. त्यांना बाहेर पडायचं होतं आणि वाटेत मामा होते, त्यामुळं ते मामांवरून आले. मामांची टोपी पडली. मागून शाई, मग टोपीवाली, जी सरळ जाऊन मशीनच्या पायट्याला धडकली आणि पायट्याला चोच मारू लागली. वकीलसाहेब खोलीभर दोन गिरक्या घेऊन थेट माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागं जाऊन बसले आणि दुपार झालेली नसतानाही आरवायला लागले. या सगळ्या गोंधळात झिपरी शेवटी, सावकाश, घरची मालकीण असल्यासारखी चालत आली आणि पाहुण्या बाईंच्या पुढ्यात उभी राहिली.

बाई उठून उभ्या राहिल्या. एकदा झिपरीच्या पिसांकडं बघितलं, एकदा पायातल्या दोऱ्याकडं, कवडीकडं. त्यांचा हात गळ्याशी गेला.

"ही इथं कशी आली?" त्या म्हणाल्या. "ही... ही तर आमची हाये. ही कवडी म्या बांधली. ह्या पोरावरून ओवाळून म्या सवता तिठ्यावर सोडली हिला! स्थळं जुळंनात म्हणून. भगतानं सांगितलं व्हतं, उलट्या पिसाची कोंबडी पाहिजे. सोडली आन् मागं वळून बी बघितलं नाय!"

खोलीत फक्त वकीलसाहेबांचा आवाज होता. माझ्या आईबद्दल एक सांगायला हवं. रस्त्यात हळद लावलेलं लिंबू दिसलं तरी ती आम्हाला हाताला धरून पलीकडच्या कडेनं न्यायची. कुणाची पीडा उतरवून टाकलेली वस्तू ओलांडायची नाही, शिवायची नाही, घरी तर आणायचीच नाही, हे तिनं आम्हाला जेवायच्या आधी हात धुण्याइतकं पक्कं शिकवलं होतं. ती हळूच अण्णांकडं वळली. अण्णा पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

"अहो," आई म्हणाली, "कन्नडचा बाजार सिल्लोडच्या रस्त्यावर कधीपासून भरायला लागला?"

अण्णांनी पंख्याची पाती मोजायला घेतली.

"आन् हा वकील?"

"फुलंब्रीच्या अलीकडं," अण्णा पुटपुटले. "पिंपळापाशी."

"आन् शाई?"

"ती कन्नडचीच. म्हंजी, कन्नडच्या फाट्यावरची."

"टोपीवाली?"

"ती रस्त्याच्या मधोमध उभी व्हती. तिला गाडी दिसंना. काय करू मी? हॉर्न दिला तर हॉर्नच्या दिशेनं यायली."

आईनं भिंत धरली. दोन तालुक्यांतल्या सगळ्या पीडा, सगळ्या बाधा, कुणाकुणाचे अडलेले विवाह, कुणाच्या आटलेल्या म्हशी, सगळं तिनं वर्षानुवर्षं आपल्या हातानं दाणे घालून पोसलं होतं. "ह्यांची अंडी खाल्ली आपण," ती खोल आवाजात म्हणाली. मामा टोपी झटकत होते, ते थांबले. "पोह्यांत अंडं नव्हतं ना?" त्यांनी मला हळूच विचारलं.

खाला भिंतीवरून सगळं बघत होत्या. गफूरचाचा बाजेवरून उठून घराकडं सरकत होते. खालांनी त्यांना दोनच शब्दांत जागेवर बसवलं. आणि नेमक्या त्याच वेळी खालून आवाज आला, "चिंगे."

दिगंबर सतरंजीवर उकिडवा बसला होता. त्यानं मूठ पुढं केली होती, मुठीत काहीच नव्हतं. झिपरीनं मान वाकडी केली आणि धावत, खरंच धावत, जाऊन त्याच्या काखेत डोकं खुपसलं. तो तिच्या उलट्या पिसांवरून हात फिरवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते लपवायची त्याला काही पडलेली नव्हती.

"दिगू, शिवू नको तिला! तुझीच पीडा हाये ती!" त्याची आई ओरडली.

"पीडा कशाची, माय? हिच्यावरली खुडूक कोंबडी मेली तवा म्या चुलीपाशी टोपल्यात हिचं अंडं उबवलं. तू सोडली तवापून दर बाजाराला पहाटंच तिठ्यावर जाऊन हाका मारू राहिलो."

"मका लेके!" गफूरचाचा बाजेवरून किंचाळले. "अण्णा, मैं बोला ना तुमको! वोईच है! चढताच नै था!"

हे सगळं चाललं असताना वकीलसाहेबांनी माळ्यावर एक बरणी ढकलली. बरणी काठावर आली. लोणचं वर्षाचं होतं. अक्का मशीनवरून उठली. नेहमीसारखी उठतच राहिली, एका हातानं बरणी धरली, दुसऱ्या हातानं वकीलसाहेबांना पायाला धरून खाली उतरवलं, उलटे, आरवता आरवताच, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती खोलीच्या मधोमध उभी आहे आणि सगळे वर बघताहेत. आईनं डोळे मिटून घेतले. मी न्हाणीच्या दाराशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं मोठा टोप दिसत होता.

दिगंबरनंही वर बघितलं. पहिल्यांदाच. बराच वेळ बघितलं, कारण बघायला बरंच होतं.

"तुम्ही लई उंच हायेत," तो म्हणाला.

"व्हय," अक्का म्हणाली. वकीलसाहेब अजून तिच्या हातात उलटे लोंबत होते. "मग?"

"आमच्या माळ्यावर कोंबड्या अंडी घालत्येत. मला शिडी लागती."

अक्का हसली. तिचं ते रस्त्यापर्यंत जाणारं हसणं. आईनं या वेळी तिला हळू हास म्हटलं नाही, तिच्यात तेवढं बळच उरलं नव्हतं. पण पाहुण्या बाई अजून उभ्याच होत्या. ओवाळून टाकलेली वस्तू ज्या घरात शिरली त्या घरची मुलगी करायची म्हणजे टाकलेलं परत उचलायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या मामांकडं बघत होत्या, आणि मामा दाराकडं बघत होते. तेव्हा भिंतीवरून खाला बोलल्या.

"बाई, एक पूछूं? तुम मुर्गी कायकू सोडे थे? लडकी मिलना बोलके ना? मुर्गी चल के लडकी के घर आके बैठी. रोज अंडा देती, इंतजार करती. अब और क्या करना उसने? पत्रिका छापना?"

बाईंनी झिपरीकडं पाहिलं. मग माझ्या आईला विचारलं, आणि आवाजात जरा दुखावल्यासारखं होतं, "हितं रोज अंडं देती?"

"रोज," आई म्हणाली.

"आमच्याकडं एक दिलं नाय." त्या परत सतरंजीवर बसल्या. पदर सारखा केला. टोपीवाली पायट्याला चोच मारतच होती. शेवटी त्या म्हणाल्या, "साखर हाये का घरात?"

आई साखरेचा डबा आणायला इतक्या घाईनं गेली की चौकटीला खांदा लागला. अक्काच्या हातावर साखर ठेवताना बाईंना हात बराच उंच करावा लागला. मामांनीही साखर खाल्ली, पण आधी वास घेऊन.

त्या संध्याकाळी टोप चढला नाही. आई अण्णांशी मात्र बोलेना. तिनं सगळ्या कोंबड्यांवर गोमूत्र शिंपडलं, अण्णांवरही शिंपडलं, आणि त्यांच्यापुढं ताट असं ठेवलं की आमटी सांडली. मग न राहवून म्हणालीच, "सगळ्या दुनियेनं टाकलेलं तुम्हीच का उचलत व्हते?" अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो तसाच हातात ठेवून ते म्हणाले, "सोडून जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतंय, तसा नेमच हाये. त्यांचं काय चुकलं नाय. पण मी समोरून यायचो ना. मला दिसायची." थोड्या वेळानं आईनं त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली, न सांडता.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी झिपरी टोपलीतून अक्काच्या मांडीवर बसून सासरी गेली, नव्या लुगड्याच्या तुकड्यानं टोपली झाकून. मी पाठराखीण. जीप निघताना सासूबाई अक्काला म्हणाल्या, "आता मागं बघू नको, पोरी, रडू येतं." अक्कानं ऐकलं. मी मात्र बघितलं. आई रडत होती, खाला रडत रडत टोपीवालीला भिंतीपासून सोडवत होत्या, आणि अण्णा तिथं नव्हते. त्यांची मुक्कामी गाडी होती, ड्यूटी बदलून मिळाली नव्हती. अक्षता टाकून, खाकी चढवून ते गफूरचाचांबरोबर निघून गेले होते. मुलीला जीपमध्ये बसवायलाही थांबता आलं नाही. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी अक्कानं मला हलवलं. दिगंबरभाऊजी अंगणात कंदील घेऊन उभे होते, झिपरी काखेत. आम्ही तिघं, झिपरीसकट चौघं, कच्च्या रस्त्यानं तिठ्यावर गेलो. मक्याची ताटं दोन्ही बाजूंनी उभी, थंडी, आणि कुठं काही आवाज नाही. तिठा म्हणजे काय असतो ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. तीन रस्ते, मधे थोडी माती, मातीत कुणाचा तरी फुटका नारळ. तिथं उभं राहिलं की तिन्हीकडं बघून मान अवघडते आणि कुणी येईल असं वाटतच नाही. मी अक्काचा हात घट्ट धरला. नवा चुडा, बोटं गार. ती काही बोलत नव्हती, आणि अक्का गप्प राहिलेली मला माहीतच नव्हती.

मग लांबवर दोन दिवे दिसले. ते हलत हलत मोठे झाले, घंटी वाजली, गाडी करकरत थांबली. काचेमागं अण्णा होते. आधी त्यांना अक्का दिसली असणार, ती सगळ्यांच्या वर होती. ते स्टिअरिंगला धरून बघतच राहिले. अक्का आता रडत होती, मोठ्यानं, हसायची तशीच. गाडीतले लोक खिडकीतून डोकी काढून विचारत होते, काय झालं, काय झालं. झिपरी दिव्यांच्या उजेडात उलटी पिसं फुलवून उभी होती. समोरून येणारा माणूस कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. झिपरीला ते आधीपासून माहीत होतं.

गफूरचाचांनी दार उघडलं, आमच्याकडं एकदा बघितलं आणि आत वळून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "बैठो आराम से. ये लोगां चढते नै."

अण्णांनी इंजिन बंद केलं.